पागोट्यातला बिबा

मला बिबा उतत नाही! एकोणीसशे सात साली मी हे अख्ख्या जुन्नरला छातीठोक सांगत होतो. बिब्याचा डाग लागला की दुसऱ्यांना फोड येतात, खाज सुटते. आपलं कातडं अस्सल!

त्याचं असं झालं, लग्नाकार्यात पागोटी हमखास बदलतात. म्हणून साखरपुड्याला नवं जरीचं पागोटं बांधण्याआधी मी परटासारखी बिब्याची काळी खूण केली. आतून, बरोबर कपाळावर येईल अशी. दिवसभर बांधून हिंडलो. काही झालं नाही!

नवरी शिनोलीची, सोनी. वीस वर्षांची घोडनवरी म्हणून लोक नावं ठेवीत. मीही पंचविशीचा घोडाच! तिचं तोंड मात्र मला दिसलं नव्हतं. महिनाभर एकच स्वप्न पाहत होतो: अंतरपाट हळूच खाली सरकतोय, पलीकडं हळदीच्या उजेडात दोन डोळे वर होताहेत... ताटातली आमटी वाहून जायची, तरी मी आपला शिनोलीतच!

लग्नाला दोन दिवस उरले आणि खूण पुसट वाटली. अख्खा बिबा ठेचून घासला.

"आरं, उतंल!" आई म्हणाली.

"मला? हॅ!"

पागोटं बांधून आरशापुढं बसलो, तो संध्याकाळपर्यंत स्वप्नातच.

लग्नाच्या दिवशी शिनोलीत जागा झालो, तर उजाडेचना! कपाळ फुगून डोळ्यांवर उतरलं होतं. तोंडाचा पार भोपळा! वऱ्हाडात आमचे शेजारी जलाल हकीम होते. त्यांनी चाचपून पाहिलं.

"सावळेराम, कातडीत पहारेकरी असतात. पहिल्या खेपेला ते परक्याचं तोंड नुसतं बघून ठेवतात अन् आत जाऊन वर्दी देतात. दुसऱ्या खेपेला तोच आला, की दोन दिवसांत सगळा गाव काठ्या घेऊन बाहेर!"

"पण मार मला का?"

"दंगल तुझ्याच अंगणात ना, बेटा!"

बोहल्यावर उभा राहिलो आणि नवरीचे मामा, गेणभाऊ, कडाडले, "थांबवा! आमी पसंत केलेला येगळा व्हता! ह्यो नवरदेव बदललाय! वऱ्हाड म्हागारी न्या!"

'मीच तो' म्हणायला गेलो, पण ओठही सुजलेले. तोंडातून नुसता म्हशीसारखा आवाज निघाला. मामांची तर खात्रीच पटली!

तेवढ्यात अंतरपाटापलीकडून आवाज आला, "मामा, ह्येच हायती. साकरपुड्याला म्या दाराआडून बघितलंय. कडंनं कान दिसत्यात, तेच हायती."

माझे सुपाएवढे कान! जन्मभर त्यांची लाज वाटली, त्यांनीच लग्न वाचवलं.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट सरकला. मला दिसला फक्त पिवळा, धूसर उजेड. रडूच आलं हो!

जुन्नरला आल्यावर सोनीनं चार दिवस तीळ-खोबऱ्याचा लेप लावला. पाचव्या सकाळी पापण्या उघडल्या. ती समोरच होती, हातात लेपाची वाटी. स्वप्नातल्यापेक्षा कितीतरी देखणी! मी बघतच राहिलो. तीही माझ्याकडं बघत राहिली, बराच वेळ.

मी विचारलं, "सोने, एवढा भोपळा झालेला बघूनही तू व्हय म्हणालीस?"

वाटी खाली ठेवत ती हळूच म्हणाली, "सूज व्हती तवाच जरा बरं दिसत व्हता."