चन्नवीरशेटनी लस पारखली

नवी पेठेत चन्नवीरशेटचं साड्यांचं दुकान होतं आणि फुकट या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सेल का लावतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. डागी माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे लेकीच्या, धनलक्ष्मीच्या शाळेत चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मोफत देणार, हे ऐकून त्यांचा जेवता जेवता हात थांबला.

"बाहेर हीच लस हजारो रुपयांना विकतात. मग हितं फुकट का? कुटंतरी पडून राहिलेला माल असणार."

"तुमच्या आक्का कशानं गेल्या?" त्यांच्या बायकोने, शांतम्मांनी विचारलं.

शेटनी ताट बाजूला सारलं. मंगळवेढ्याच्या या थोरल्या बहिणीने त्यांना आईसारखं वाढवलं होतं. लाजेपायी तिने दुखणं अंगावर काढलं, तपासून घेतलंच नाही, आणि याच रोगाने ती गेली.

"टोचू की," ते म्हणाले. "पण माल बघून."

दुसऱ्या दिवशी शाळेत ते लेकीला घेऊन रांगेत पहिले उभे राहिले आणि नर्सबाईंना म्हणाले, "बाटली दाखवा."

बाईंनी दाखवली. शेटनी ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, वरची तारीख दोनदा वाचली.

"गार का हाय?"

"लस गारच ठेवतात, शेट. आणि ती साडी नाही, द्या इकडं."

रांगेतल्या निम्म्या बायका त्यांच्याच गिऱ्हाईक होत्या. त्या थबकल्या. शेट एवढं निरखतायत म्हणजे काहीतरी गडबड असणार. एकीने विचारलंच, "काय शेट, बरी हाय न्हवं?"

खोट तर सापडली नव्हती. शेट नाइलाजाने म्हणाले, "माल ताजा दिसतोय."

एवढं ऐकताच बायकांनी पोरी पुढे रेटल्या. शेट मात्र धनलक्ष्मीचा हात धरून बाजूला सरकले. आधी दुसऱ्यांनी वापरून बघावं, हा त्यांचा धंद्यातला नियम. लस घेऊन बसलेल्या प्रत्येक पोरीला ते वाकून विचारत होते, "चक्कर येतीय का? खरं सांग."

"अप्पा, चला की आता," धनलक्ष्मी रडकुंडीला आली. "माझ्या वर्गातल्या सगळ्यांचं झालं."

शेट टेबलापाशी गेले तेव्हा नर्सबाई डबा बंद करत होत्या. "आजच्या संपल्या. उद्या या."

"संपल्या?" शेटचा चेहरा उतरला. लगेच त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "वळखीच्यांसाठी मागं ठेवल्या असतील."

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. आपल्या शहाणपणापायी लेकीची लस हुकली तर आक्काला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार ते घोळवत होते. सकाळी शाळेचा शिपाई कुलूप उघडायला आला तर शेट सहकुटुंब दारात हजर. या खेपेस त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. सुई टोचून झाली तशी धनलक्ष्मीपेक्षा त्यांनीच मोठा सुस्कारा सोडला.

परतताना सात रस्त्याजवळ शांतम्मांनी रिक्षा थांबवायला लावली. तिथे पालिकेचा दवाखाना होता.

"आता माझी तपासणी, आक्कांच्या रोगाची. तिशीच्या पुढच्या बायकांनी करून घ्यावी म्हणून नर्सबाई सांगत होत्या." मग नवऱ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "ती पण फुकट हाय."

शेट त्यांच्या आधी रिक्षातून उतरले.

"मग बसून काय राहिलीस? चल लवकर, संपायच्या आत."