बाळारामशेठचा बांध

आमच्या सोसायटीतले बाळारामशेठ गोळी घालण्याआधी माणसाला विचारतात, "ओ भाऊ, कुटं चाललास?" समोरचा परदेशी शिपाई उत्तर देत नाही, कारण तो हातातल्या व्हिडिओ गेममधला असतो. मग शेठ हिंदीत विचारतात, "ओ भाई, किदर?" अशी दोन भाषांत संधी देऊन झाल्यावरच बटण दाबतात. तोवर बहुतेक वेळा शिपाईच त्यांना मारून मोकळा होतो.

शेठ सत्तरीचे. हाफ पॅन्ट, बनियन आणि गेटजवळचा बाक. तो हातात मावणारा गेम त्यांच्या मुलाने, मनोजने, उल्हासनगरच्या बाजारातून सेकंडहँड आणला. "पप्पांना टाइमपास," म्हणाला. बाप सांभाळायची ही आमच्या कात्रप भागातली सगळ्यात स्वस्त पद्धत असावी.

त्या गेममध्ये आपण बंदूक धरलेला सैनिक असतो. पहिलं गाव पार करायचं, मग पूल, मग शहर. शेठ पहिल्या गावाच्या पुढे कधी गेलेच नाहीत. त्या गावात एक शेत आहे, दगडी बांध आहे, मागे एक खोपटं. शेठ बांधाआड बसून राहतात. बाहेरून कोणी कितीही गोळ्या झाडो, ते उलट मारत नाहीत. "तो त्याच्या जागंत हाय," म्हणतात. पण बांधाच्या आत पाय पडला की दयामाया नाही. एका शिपायाच्या पाठीवर उंच काडीचं यंत्र आहे. तो सरकारी मोजणीवाला, हे शेठनी ठरवून टाकलंय. "मोजनीवाला आदी. बंदूकवाला मागाहून आला तरी चालंल."

'शेठ' ही पदवी त्यांना जमीन गेल्यावर मिळाली. जमीन होती तोवर गाव त्यांना बाळ्याच म्हणायचं. आमची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतात उभी आहे. बिल्डरशी सगळं मनोजने ठरवलं, शेठनी फक्त सह्या केल्या. बदल्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. त्याची चावी मिळेपर्यंत वांगणीला भाड्याच्या खोलीत राहायचं होतं. शेठची बायको मंजुळाबाई त्या खोलीतच वारल्या.

मी डोंबिवलीहून आलेला. माझी मोटरसायकल जिथे लागते तिथेच त्यांचा बांध होता, हे शेठनीच मला दाखवलं. म्हणजे मीही आतलाच. मला अजून गोळी घातली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

परवा रविवारी मी बाकावर बसलो होतो. मनोज खुशीत आला. "पप्पा, वर्ष झालं, एकाच लेव्हलला अटकलात. द्या इकडे." त्याने गेम हातातून घेतला, बांधावरून उडी मारली आणि माझा चहा संपायच्या आत गाव पार केलं. शेवटी जिंकलेल्या सैन्याने सगळं गाव पेटवून दिलं, खोपट्यासकट. वाजंत्री झाली. "बघा, झालं. जावा आता पुढे."

"बरा केलास," शेठ म्हणाले. जमिनीच्या सह्या झाल्या त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले होते, असं लोक सांगतात. मनोज गाडी काढून निघून गेला.

मला राहवलं नाही. मी गेम पहिल्यापासून सुरू करून दिला. शेत आलं, बांध आला, खोपटंही आलं. शेठनी गेम हातात घेतला नाही. नुसतं बोट लावलं. "त्या खोपटातनं धूर निगतो, बगलास? चुलीचा हाय."

मी इतक्या दिवसांत तो पाहिला नव्हता. "आत कोण असतं?"

"मी गेलो नाय कंदी आत. रिकामा असला तर?" त्यांनी बोट धुरावरच ठेवलं. "मंजुला अशीच भात रांदायची. मी राकनीला, ती चुलीशी."

"मग घ्या ना शेठ. राखा परत."

"नको. मना वाटायचा, जालनारे समोरनं येतील. म्हनून तिकडं तोंड करून बसायचो." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "आपलीच मानसा निगाली."

ते लिफ्टकडे गेले. गेम माझ्या हातात राहिला. पडद्यावर पाठीला यंत्र लावलेला तो शिपाई बांध चढत होता. कुठे चाललास, असं त्याला विचारणारा मी कोण?