पाठमोरा बाक

नगरपालिकेचा टेम्पो दारात थांबला तेव्हा तात्यांनी चहाचं आधण ठेवलेलं होतं, आणि तेही पातेलं भरून. एकट्या माणसाच्या घरात एवढ्या चहाचं काही काम नव्हतं. पण आज बाक येणार होता. बाक आला की माणसं बसणार, बसली की बोलणार, बोलली की त्यांना चहा लागणार, असं सगळं तात्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तात्या वाचनालयात ग्रंथपाल होते. सगळी नोकरी त्यांनी ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प बसवण्यात घालवली. मग निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, मुलगी संसाराला लांब निघून गेली आणि रविवारी फोनवर "जेवलात का?" एवढं विचारू लागली. आता घरात इतकी शांतता होती की ती तात्यांनाच सोसेना. दूधवाल्याला ते दारात धरून हवापाण्याच्या गप्पा मारत. हल्ली दूधवाला पिशवी कडीला अडकवून पळ काढू लागला होता.

म्हणून निवडणुकीच्या वेळी नगरसेवक हात जोडून दारात आले, तेव्हा तात्यांनी संधी सोडली नाही. ह्या नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणत. गल्लीतल्या बाकीच्यांनी पाणी, गटार, दिवे असली कटकटीची कामं सांगितली होती. तात्या म्हणाले, "माझ्या दारासमोर एक बाक टाकून द्या. बाकी मला काही नको." इतका स्वस्तात पटणारा मतदार भाऊंना आजवर भेटला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला, आणि नवल म्हणजे पाळलाही.

कामगारांनी तात्यांच्या कुंपणाच्या भिंतीलगत खड्डे खणले, बाक उभा केला, कालवलेला काँक्रीटचा माल ओतला आणि हात धुतले. तात्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि तसेच उभे राहिले. बाकाची पाठ रस्त्याकडे होती आणि तोंड त्यांच्या भिंतीकडे.

"अहो, हा उलटा बसला की."

"उलटा नाही, बरोबर आहे," मुकादम कप उचलत म्हणाला. "पाठीवर भाऊंचं नाव आहे ना. ते रस्त्यावरून दिसायला नको?"

"पण बसणाऱ्याने बघायचं कुठे?"

मुकादमाने भिंतीकडे बघितलं. "रंग बिंग द्या की भिंतीला," तो म्हणाला.

खरंच, बाकाच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत भाऊंचं नाव होतं. लांबून येणाऱ्याला आधी नाव दिसे, मग नावाच्या वर एखादं डोकं. तेही क्वचितच. कारण बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला टेकत आणि पोपडे धरलेला गिलावा नाकाशी येई. एकदा एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला बसले. तात्या लगबगीने आले, बाक आणि भिंत यांच्या फटीत आडवे घुसले आणि त्यांच्या तोंडासमोर पोट आणून म्हणाले, "काय, कसं काय?" गृहस्थ दुसरी नाडी तशीच सोडून निघून गेले.

समोरच्या घरातल्या सिस्टर हे खिडकीतून बघत होत्या. त्या निवृत्त नर्स. त्याही एकट्याच राहत, पण त्यांना एकटेपणाचं कौतुक करायला वेळ नव्हता. गुडघ्यांच्या उपचारासाठी त्या रोज सकाळच्या बसने दवाखान्यात जात.

"तात्या, तक्रार करा," त्या रस्त्यापलीकडून म्हणाल्या. "घरात बसून कुढू नका."

तात्या वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या तरुण इंजिनियरने सगळं मन लावून ऐकून घेतलं. इतकं नीट ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यामुळे तात्यांनी बायकोच्या आजारपणापर्यंत सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी इंजिनियर टेप घेऊन हजर झाला आणि बाक सोडून भिंत मोजू लागला.

"काका, बाक नियमात आहे. तुमची भिंतच जरा पुढे आलीय. ती पाडली की बाकावरून छान मोकळं दिसेल."

"काय दिसेल?"

"तुमची बैठकीची खोली," इंजिनियर म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

तात्यांची पाचावर धारण बसली. बाक मागायला गेलो आणि भिंत घालवून बसलो, असं म्हणत ते तडक भाऊंकडे गेले. भाऊ फोनवर होते. त्यांनी हातानेच तात्यांना बसवलं, तीन फोन संपवले आणि मग कपाळाला आठ्या घातल्या.

"तात्या, आता तुम्हीच कुरकुर करायला लागलात तर झालंच. अहो, तो बाक बस थांब्यासाठी मंजूर झाला होता. तुमच्या शब्दाखातर मी तो इकडे वळवला. कोणाला बोललो का कधी?"

बस थांबा म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा सिस्टर आठवल्या. रोज सकाळी त्या थांब्याच्या खांबाला टेकून, एक पाय उचलून उभ्या असत. तात्या गॅलरीतून हात करत. त्याही हात करत, पण खांब न सोडता.

घरी येऊन ते थेट बाकावर बसले. भिंत नाकासमोर होती. स्वतःचाच राग आला होता, आणि तो ऐकून घ्यायलाही घरात कोणी नव्हतं याचं जास्त वाईट वाटत होतं. "मेलं नशीबच," असं म्हणत त्यांनी मागे जोरात पाठ टेकली.

बाक त्यांच्यासकट मागे कलंडला. पायांना चिकटलेला माल खड्ड्यांतून सुटून आला आणि रस्त्यावर आपटताच त्याचा भुगा झाला. त्यात वाळू होती, माती होती, सिमेंट मात्र शोधूनच काढायला लागलं असतं. तात्या भाऊंच्या नावावर पाठ टेकून, पाय आभाळाकडे करून पडले होते.

सिस्टर लंगडत धावत आल्या. "पडलात?"

"मी नाही, बाक पडला," तात्या पडल्या पडल्या म्हणाले.

सिस्टरनी आधी त्यांचे हात, पाय, मान वळवून बघितली आणि मगच हसल्या. तात्याही हसले. इतक्या दिवसांनी हसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"आता बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "उचला, रस्त्याकडे तोंड करून ठेवू. तुम्हाला हवा तसा."

तात्यांनी उठून कपडे झटकले. बाक सुटा होता. नुसता फिरवला की झालं. दार, बाक, रस्ता, येणारी जाणारी माणसं. याचसाठी तर सगळा खटाटोप केला होता.

"सिस्टर," ते शेवटी म्हणाले, "हा बाक तुमचा आहे."

"डोक्याला लागलंय का तुमच्या?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टर ऐकत राहिल्या. रागावल्या असाव्यात, कारण बराच वेळ त्यांनी स्वतःचा गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "भाजीवाल्याची हातगाडी मागून आणा. मला ओझं उचलायला जमणार नाही, पण मी मागून ओरडेन."

बाक बस थांब्यावर गेला. तिथे पाठीमागे शेडचा पत्रा होता, त्यामुळे बाकाचं तोंड रस्त्याकडे आलं आणि भाऊंचं नाव पत्र्याकडे.

भिंत मोजायला चटकन येणारा इंजिनियर आता त्याहून चटकन तात्यांच्या दारात आला. "काका, सरकारी मालमत्ता हलवणं गुन्हा आहे. मला पोलिसात तक्रार द्यावी लागेल."

"द्या की. काय सांगाल?"

"काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला बाक..." इंजिनियरने खड्ड्याकडे बघितलं, वाळू बुटाने उकरली. "एका म्हाताऱ्याने..."

"टेकून," तात्यांनी मदत केली. "नुसता टेकलो होतो."

इंजिनियरने इकडेतिकडे बघितलं आणि तो खड्डा स्वतःच्या बुटाने बुजवू लागला. भिंतीचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही.

पण भाऊ कच्चे नव्हते. आठवडाभरात थांब्यावर हार, माईक आणि फोटोवाला आला. बाकाच्या पुढच्या पट्टीवरही नाव रंगवून झालं होतं. "प्रवाशांच्या सोयीसाठी," भाऊ म्हणाले, "आपल्या भागातला हा दुसरा बाक."

टाळ्या पडल्या. तात्या गर्दीच्या मागे उभे होते. उभ्या जन्मात त्यांनी लोकांना गप्प केलं होतं, गर्दीत स्वतः तोंड उघडण्याची वेळ कधी आली नव्हती.

"पहिलाच आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"हा पहिलाच बाक आहे. मी मताच्या बदल्यात माझ्या दारात नेला होता. आता परत आणून ठेवलाय. दुसरा कुठे आहे तो दाखवा, आम्ही तिथेही बसू."

भाऊ हसले, पण फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सिस्टर पुढे आल्या आणि हाराखालून वाकून बाकावर ऐसपैस बसल्या. "दाखवा ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण येईन." मागून आणखी कोणीतरी म्हणालं, "हो, दाखवा." तेवढ्यात भाऊंना फोन आला. तो वाजलेला मात्र कोणी ऐकला नाही.

माणसं पांगली. बस आली. सिस्टर दांडा धरून वर चढल्या आणि खिडकीत बसल्या.

"परत कधी?" तात्यांनी विचारलं.

"दुपारच्या बसने. का?"

"काही नाही. मी इथेच आहे."

बस गेली. तात्यांनी बाकावरचा हार बाजूला केला आणि एका कडेला बसले. मोकळ्या जागेवर एक तरुण येऊन बसला. तात्यांचा चेहरा खुलला. ते त्याच्याकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, "काय, कुठे निघालात?"

तरुणाच्या कानाला फोन होता. त्याने तात्यांकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

तात्या लगेच गप्प झाले. नियम त्यांना पाठ होता. हात मांडीवर ठेवून ते दुपारच्या बसची वाट बघत बसले.