सरकत्या गाद्यांचं दुकान

गादीवाल्याने दुकानात चौफेर नजर फिरवली. यातलं दुकान नेमकं कुठलं, हेच त्याला कळेना. गादी मांडलेला पलंग ढकलला की जाळीदार लाकडी चौथऱ्याच्या पोटात जायचा, टेबल भिंतीत मिटायचं आणि उशांचं कपाट गर्रकन फिरलं की मागून आरसा निघायचा. ही सगळी करामत त्याच्या मेहुण्याची. मेहुणेबुवा इंटिरियर डिझायनर होते आणि सख्ख्या बहिणीखेरीज अजून कुणी त्यांच्या वाट्याला गेलेलं नव्हतं.

"भाऊजी, जागा मोकळी पडून राहता कामा नये," मेहुणा म्हणाला. "चारपर्यंत तुमच्या गाद्या, चारनंतर ताईचा गाण्याचा क्लास. पलंग आत, मुली वर. आहे काय नि नाही काय!"

"आणि चारनंतर गिऱ्हाईक आलं तर?"

"चारच्या आधी तरी कुठे येतंय?"

गादीवाल्याने उशीवरची धूळ झटकली. दुकानात खरोखरच कुणी फिरकत नव्हतं. त्यात जागेचा करार संपत आलेला, आणि जागामालकाच्या मनात तिथे औषधांचं दुकान आणायचं घाटत होतं. आज तो स्वतः येऊन काय तो निकाल देणार होता. नाही म्हणाला, तर या गाद्या घेऊन जायचं कुठे, या काळजीने गादीवाल्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. गाद्या विकणाऱ्यालाच झोप येत नाही हे बाहेर फुटलं असतं, तर उरलीसुरली अब्रूही गेली असती.

मालक आला तो लाल डोळे आणि चिडका आवाज घेऊनच. "काय हो, दुकानाचा लाकूडबाजार केलात!"

"साहेब, एकदा पडून तर बघा. बूट-चष्मा तिथे दाराशी ठेवा. आणि पांघरूण घ्या, त्याशिवाय गादी कळत नाही."

"मला झोप येत नाही. वर्षं झाली. उगाच नाटकं नकोत," मालक कुरकुरला, पण आडवा झाला आणि पांघरूण थेट डोक्यावरून घेतलं. शुभशकुन समजून गादीवाला कोपऱ्यावर चहा आणायला पळाला.

तेवढ्यात चार वाजले. मेहुणा मागच्या दाराने आला. मुली बाहेर ताटकळलेल्या होत्या. पलंगावर चुरगळलेलं पांघरूण बघून तो भाऊजींच्या आळशीपणावर चरफडला आणि त्याने पलंग आत ढकलला. पलंग जरा जड गेला. चाकांना तेल हवं, असं त्याने मनाशी ठरवलं.

गादीवाला दोन कप घेऊन परतला, तेव्हा क्लास रंगात आला होता.

"साहेब कुठायत?"

"कोण साहेब?"

गादीवाल्याची नजर दारातल्या बुटांवर गेली. "गेला! अनवाणी गेला! चष्मासुद्धा घेतला नाही. किती संतापला असेल! संपलं सगळं." तो कप हातात धरून मटकन पायरीवर बसला. मेहुणा मालकाला शोधायला रस्त्यावर धावला.

"अहो, मुलींसमोर काय हे!" बायको दबक्या आवाजात म्हणाली आणि मग मुलींवर घसरली. "आणि मागून घोगरं कोण गातंय?"

"आम्ही नाही, बाई!"

"कुणीतरी खालचा सूर धरून बसलंय. सुरात आहे, पण जरा हळू."

इतक्यात मालकीणबाई दारात आल्या. "आमचे हे इकडेच आलेत ना? फोन उचलत नाहीत..." आणि त्या जागच्या जागी थबकल्या. त्यांनी कान टवकारले. डोळे भरून आले. "हे तर ह्यांचं घोरणं!"

गादीवाल्याने चौथऱ्याच्या जाळीतून आत पाहिलं. पलंगावर साहेब! आतापर्यंत नुसती जागा जाणार होती, आता तुरुंगाचीही सोय झाली. तो पलंग ओढणार, तोच मालकीणबाईंनी त्याचं मनगट पकडलं. "खबरदार हात लावाल तर! कित्येक वर्षांनी घोरतायत."

या गोंधळात गाणं थांबलं. तसं घोरणंही थांबलं आणि आत कुणीतरी कूस बदलली.

"गा गं पोरींनो, गा!" मालकीणबाई काकुळतीने म्हणाल्या.

पोरी गात राहिल्या. घसे बसले, घरी न्यायला आलेले आईबाप दारात खोळंबले, आणि मालकीणबाई ओठांवर बोट ठेवून एकेकाला गप्प करत होत्या. हात हलवत परतलेला मेहुणाही त्यांत सापडला. गादीवाला गारढोण चहा घेऊन उभाच होता. अखेर चौथऱ्याखालून जांभई ऐकू आली. मेहुण्याने पलंग बाहेर ओढला.

मालक उठून बसला. चेहरा टवटवीत, ओठांवर हसू.

"साहेब, चूक झाली, पदरात घ्या..." गादीवाल्याने कप खाली ठेवून हात जोडले.

"चूक? अहो, आत ढकललंत तेव्हा ओरडणारच होतो, पण आत अंधार, वर गाणं आणि पाठीला ही गादी! असा मी जन्मात झोपलो नव्हतो. औषधांचं दुकान रद्द!"

गादीवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने मेहुण्याला मिठीच मारली. "मग साहेब, करार कधी करायचा?"

"करार कसला? ही जागा आता कुणालाच द्यायची नाही. रोज मीच येणार झोपायला. चौथरा असाच राहू द्या. बाई, तुमचा क्लासही इथेच चालू दे, भाडं नको."

"आणि... माझं दुकान?"

मालकाने मनापासून विचार केला. "तुमचं आता इथे काय काम? ही गादी मात्र मी विकत घेतली."

कित्येक महिन्यांनी एक गादी खपली होती.

"जागा मोकळी पडणार नाही, म्हटलं होतं ना?" मेहुणा कानाशी कुजबुजला.

"मी काय करू, अहो?" बायकोने रडवेल्या आवाजात विचारलं. नवऱ्याने मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाई तर तिच्याकडे आशेने बघत होत्या. शेवटी तिने डोळे पुसले आणि सूर लावला.

मालकाने पुन्हा पांघरूण ओढलं. "ढकला आत. आणि जाताना तेवढा दिवा बंद करा."

गादीवाल्याने स्वतःच्या हाताने पलंग आत ढकलला, स्वतःच्या दुकानाचा दिवा बंद केला आणि बाहेर येऊन उभा राहिला. आतून घोरणं सुरू झालं. गादी उत्तम होती, याबद्दल आता कुणालाच शंका उरली नव्हती.