गयाचे रुसलेले

त्या दुपारी मी ज्वारी निवडत होतो आन् माझी बायको गया कंप्युटरपुढं बसून माझा फोटो ‘रुसलेले’ नावाच्या डब्यात टाकत होती. आम्ही दोघांनी संगं बसून केलेलं शेवटचं काम ते.

डबा म्हंजे फोल्डर. गया त्याला डबाच म्हणायची. पोराचा जुना कंप्युटर घरी आल्ता. हिनं सुनेकडून शिकून घेतला आन् सगळ्या गोतावळ्याचे फोटो त्यात भरले. लोक साल बघून, लग्न-बारसं बघून फोटो लावतेत. हिचे डबे दोनच, ‘घरचे’ आन् ‘रुसलेले’. जावेनं लुगड्याला नावं ठेवली, गेली रुसल्यात. माझा भाऊ बांधावरून भांडला, तो सहकुटुंब गेला.

म्या म्हणलं, “खोडून टाक की. जागा तरी मोकळी व्हईल.”

“खोडायचं बिलकुल न्हाई. उद्या चहाला आले तर?”

कारण तिचा कायदाच व्हता. रुसलेल्यानं आमच्या घरी कपभर चहा पिला, की तो लगेच ‘घरचे’ मधी. पाहुण्यानं कप खाली ठेवला की ही उठलीच. “वहिनी, बसा की.” “आले, तुम्हाला घरात घेऊन येते.” तो बिचारा घरातच बसलेला. अर्धा कप ठेवला तर मात्र चालायचं न्हाई.

वर ह्या सगळ्याच्या कॉप्या. एक पेनड्राइव्ह ज्वारीच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून.

“आगं, त्याला काय कीड लागती का?”

“लागली तर तुम्ही निवडणार हाव का?”

दुसरा परतूरला, तिच्या बहिणीकडं. दर पौर्णिमेला कोठीतला पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं जायची आन् तिथल्या कंप्युटरवर नवे फोटो त्यात भरून यायची.

डाक्टरनं माझी साखर बंद केल्ती. त्या दुपारी हिनं फिका चहा दिला. म्या कप सरकवला. “जनावर तरी पिईल का हे?”

“बरं,” म्हणली आन् गेली कंप्युटरकडं.

म्या म्हणलं, “टाक रुसल्यात. भाऊ हाये तिथं. करमंल मला.”

तिनं मान वळवली न्हाई, पर हसून तिचे खांदे हालत व्हते.

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. अंबडच्या दवाखान्यात नेताना रस्त्यातच संपलं.

दहावं-तेरावं झाल्यावर सुनेला म्हणलं, “मी कुठं हाये बघ.”

“रुसल्यातच, मामा. हलवू का?”

“तू कोण हलवणार? तिचं काम व्हतं ते.”

परतूरची बहीण, रुक्मीण, तिथंच बसल्ती. तिनं पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. “दाजी, हा लावा.”

लावला. रुसलेल्यांचा डबा रिकामा. जाऊ, भाऊ, समदे घरचे.

“माझ्याकडं आली की ताई ह्या कॉपीत सगळ्यांना घरात घ्यायची,” रुक्मीण म्हणली. “म्हणायची, तिकडं घर जळलं तर मागं हीच कॉपी ऱ्हाणार. हिच्यात कुणी रुसलेलं नको.”

त्यात मीबी घरचाच. पर ती कॉपी भांडायच्या आधीची. त्या दिवशीचा चहा म्या पिलाच कुठं व्हता?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गॅस पेटवला. बिनसाखरेचा चहा केला, कंप्युटरपुढं बसलो आन् सगळा पिलो. बेकार चहा. कप खाली ठेवला आन् सुनेला हाक मारली, “ये. आता हलव मला.”