तटाला टेकलेली पाठ

“सहा राजघराण्यांनी जिथे राजधानी थाटली, त्या नानचिंगच्या विटेविटेशी माझी ओळख आहे. आज औयांग साहेबांना मी इतिहास दाखवणार आहे, इतिहास,” लुआन पाओशंग आरशासमोर छाती काढून म्हणाले.

“दाखवा. पण आधी स्वेटर सुलटा करा,” त्यांची बायको त्साईफंग म्हणाली.

पाओशंग यांची नगरीशी ओळख होती हे खरं, पण ती काचेतून. उभी हयात त्यांनी शहराची बस चालवली होती. जुना नगारखाना म्हणजे सगळी आजारी माणसं उतरतात तो थांबा, कारण समोर इस्पितळ. कन्फ्यूशियसचं मंदिर म्हणजे जिथे वळताना उजवा आरसा सांभाळायचा ती जागा. आत काय आहे ते बघायला बस थांबवण्याची सोय वेळापत्रकात नव्हती आणि निवृत्तीनंतर कुणी विचारलं नव्हतं.

आज मात्र प्रश्न त्यांच्या मुलीच्या, लिंगयानच्या लग्नाचा होता. मुलाचे वडील, औयांग चीयुआन, च्यांगशीहून घर बघायला आले होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. अडलं होतं ते फक्त औयांग साहेबांच्या होकारापाशी. आणि औयांग साहेब कालपासून ‘हूं’पलीकडे काही बोलले नव्हते. त्साईफंगने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं अख्खं खारवलेलं बदक त्यांनी दोन ‘हूं’मध्ये संपवलं होतं.

“त्यांना बोलतं करा,” त्साईफंगने चहाची बाटली हातात देताना बजावलं. “आणि स्वतः जरा कमी बोला.”

बसमध्ये बसल्या बसल्या पाओशंगनी दुसरी सूचना मोडली.

“आमचं घराणं इथलं जुनं. मूळपुरुष शहराच्या या तटाबरोबरच आले. विटांच्या नावेतून, देखरेखीवर. नानचिंगमधले सगळे लुआन एका मिनीबसमध्ये मावतील, पण घराण्याचा मान बघा.”

“हूं.”

“हा नगारखाना.”

“जुना आहे?”

“जुना म्हणजे, मी नोकरीला लागलो तेव्हा होताच.”

औयांग साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पाओशंगनी तिथे न उतरता थेट दक्षिणेच्या चोंगह्वा दरवाजाचं तिकीट काढलं. तिथे निदान बोलायला एक गोष्ट त्यांना ठाऊक होती.

दरवाजाच्या आतल्या अंगाला दोघं उभे राहिले. आज प्रथमच पाओशंग त्या तटाच्या इतके जवळ आले होते. वर बघता बघता टोपी पडली. सकाळचं ऊन भिंतीवरून तिरपं उतरत होतं आणि एकेका विटेवरची अक्षरं त्यात उठून दिसत होती. हजारो विटा, आणि विटेविटेवर माणसांची नावं. सगळा तट जणू हलक्या आवाजात हजेरी देत होता.

“मिंग बादशहाचा हुकूम होता,” पाओशंग हळू आवाजात म्हणाले. “ज्याने वीट भाजली, ज्याने तपासली, सगळ्यांची नावं विटेवर. वीट फुटली की कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. तुमच्या च्यांगशीतूनही पुष्कळ आल्या.”

औयांग साहेब ‘हूं’ म्हणाले नाहीत. चष्मा चढवून विटांवरून बोट फिरवत ते पुढे सरकत गेले. छातीइतक्या उंचीच्या एका विटेशी थांबले.

“युआनचौ जिल्हा,” ते पुटपुटले. “भट्टीवाला, औयांग माओ. हा आमचा.”

त्या विटेच्या कडेला, माती ओली असताना उमटलेला एक अंगठा होता. औयांग साहेबांनी आपला अंगठा त्यात ठेवला. बसला बरोबर. पाओशंगच्या अंगावर काटा आला. मनात ते म्हणाले, आता होकार कुठे जात नाही.

औयांग साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, भिंगं पुसायला घेतली आणि प्रथमच सलग बोलू लागले.

“आमच्या कुळाच्या मंदिरात याची पाटी आहे. फार छळ झाला याचा. देखरेखीवर एक हरामखोर होता. तीनदा अख्खी भट्टी परत पाठवली त्याने. माझ्या पूर्वजाने बैल विकला, पण विटा पुन्हा भाजल्या. मरताना सांगून गेला, त्या माणसाच्या घरात मुलगी द्यायची नाही आणि तिथली करायची नाही. वंशावळीत नावही लिहून ठेवलं होतं. नेमकं तेवढंच वाळवीने खाल्लं.”

“फार वाईट,” पाओशंग म्हणाले, आणि सहज म्हणून विटेवरची वरची ओळ वाचली. ‘देखरेख: लुआन देफू.’

औयांग साहेब चष्म्याच्या दुसऱ्या काचेवर फुंकर मारत होते. विचार करायला तेवढीच उसंत होती. पाओशंग गर्रकन वळले आणि विटेवर पाठ टेकून उभे राहिले.

“जरा सरकता का, लुआन साहेब? पूर्वजाला नमस्कार करतो.”

“इथूनच करा की.”

“तुम्हाला होईल तो.”

“माझी पाठ धरली आहे,” पाओशंग म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलंय, धरली की जिथे असाल तिथे पाठ आपटायची.” आणि त्यांनी आपटायला सुरुवात केली.

नानचिंगच्या कुठल्याही बागेत सकाळी म्हातारी माणसं झाडांना पाठ आपटत असतात, त्यामुळे यात कुणाला वावगं दिसलं नाही. उलट व्यायामाच्या लाल टोप्या घातलेल्या दोन आजीबाई थांबल्या.

“अहो दादा, झाड सोडून भिंत का?”

“जुनी वीट. थंड असते.”

“कशावर गुण येतो?”

“पाठीवर.”

“आणि गुडघ्यांवर?”

“त्याला खालच्या विटा,” पाओशंग म्हणाले. आता घाम फुटला होता.

आजीबाईंनी पाठ लावली. त्यांच्या ओळखीचे एक आजोबा आले, त्यांनी लावली. मग कुणीतरी गटाला फोन केला. बघता बघता तटाच्या कडेने माणसांची एक रांग उभी राहिली आणि धप्प, धप्प असा एक ताल धरला गेला. एक बाई पाओशंगना विचारून गेली की जेवणाआधी आपटायची की नंतर. औयांग साहेब हात जोडून समोर तसेच उभे होते. जागा रिकामी होईल या आशेवर.

“बराच त्रास दिसतो तुम्हाला,” ते म्हणाले.

“वाढत चाललाय,” पाओशंग म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं.

मग कर्णा घेऊन पहारेकरी धावत आला.

“आजोबा, आजी, मागे व्हा. ही भिंत तोफांनी पडली नाही, ती तुम्ही पाडणार आहात का?”

“पाठीला बरं वाटतं रे,” लाल टोपीवाली एक आजी म्हणाली.

“पाठीला बरं वाटतं, पण मला साहेब काय म्हणतील? सुरुवात कुणी केली?”

सगळ्या रांगेने पाओशंगकडे बोट दाखवलं. पहारेकऱ्याने त्यांना दंडाला धरून, आदराने पण जोरात, बाजूला ओढलं. वीट उघडी पडली. औयांग साहेबांनी चष्मा चढवला, वाकले आणि पहिल्यापासून सावकाश वाचू लागले. पाओशंगनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांसमोर लिंगयान आली, तिच्या मागे त्साईफंग आली, आणि त्साईफंग काही बोलत नव्हती, हे जास्त भीतिदायक होतं.

“लुआन देफू,” औयांग साहेब म्हणाले. “एक मिनीबस म्हणालात ना?”

“थोडी मोठीही लागेल,” पाओशंग क्षीण आवाजात म्हणाले.

औयांग साहेब एक पाऊल मागे सरले आणि वर बघू लागले. विटेवरून पुढच्या विटेवर, तिथून वर, जिथे तट आभाळाला टेकतो तिथपर्यंत. रांगेतली माणसंही, हा काय बघतोय म्हणून, वर बघू लागली. कर्णा खाली करून पहारेकरीही बघू लागला. रोज तिथेच उभा असून त्याने बहुधा आजच पाहिलं असावं.

“तीनदा परत पाठवल्या त्याने,” औयांग साहेब म्हणाले.

“त्याच्या वतीने मी माफी...”

“आणि चौथ्यांदा घेतली, ती ही.” त्यांनी वीट बोटाने वाजवली. कांस्याच्या भांड्यासारखा आवाज आला. “बाकीच्या बघा, कोपरे गेलेत. हिला टवका नाही. पहिलीच घेतली असती, तर आज माझ्या पूर्वजाचं नाव कुठे असतं? मातीत. सहाशे वर्षं आम्ही उगाच शिव्या घालतोय.”

आणि तिथेच फरशीवर ते दोन्ही गुडघे टेकून बसले. एकाच विटेवरच्या दोन्ही नावांना त्यांनी कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. पाओशंगना काय करावं सुचेना, म्हणून तेही शेजारी टेकले. लाल टोपीवाल्या आजीने टोपी काढली. वरून ऊन त्या विटेवर अलगद उतरलं होतं आणि हवेत कुठूनतरी ओसमंथसच्या फुलांचा गोडसर वास येत होता.

तिसऱ्या नमस्कारानंतर औयांग साहेबांनी डोकं वर काढलंच नाही. त्यांचे खांदे हलत होते. सहा शतकांचं वैर आपल्या डोळ्यांदेखत विरघळतंय, अशा भावनेने पाओशंग जवळ सरकले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“व्याही,” औयांग साहेब फरशीकडे बघतच हळूच म्हणाले, “जरा काखेत हात घालून उचलता का? गुडघा अडकलाय.”