लेथच्या बेडवरचे तीन खड्डे

अचूकता हा मानवी प्रगतीचा पाया आहे. आमच्या खानदेशात तो बहुधा सेकंडहँड, पण चालू अवस्थेत मिळतो.

साक्रीच्या रुपचंदचा जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, सरळ शाफ्टही गाजरासारखा निमुळता काढू लागला, तेव्हा धुळ्याचा पंपवाला शांतपणे म्हणाला, "रुपचंदभाऊ, एक नमुना सरळ आणा. वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर मी दुसरा बघतो."

त्यानुसार जळगावला, मेहरूणकडच्या एका बंद पडत आलेल्या वर्कशॉपमधला लेथ पाहण्यासाठी उच्चस्तरीय समिती रवाना झाली. समितीत रुपचंद, तांत्रिक सदस्य म्हणून त्याचा मेव्हणा नवल (केसाएवढा फरक दाखवणारं डायल त्याने उसनं आणलं होतं), आणि चुलते चुडामण आबा, ज्यांनी पाहिल्याशिवाय त्या घरात म्हैससुद्धा येत नाही.

पाहणी शास्त्रशुद्ध झाली. नवलने डायल लावलं, शाफ्ट धरून फिरवणारा चक फिरवला आणि श्वास रोखला. इतरांनाही रोखायला लावला. आबांनी यंत्राच्या पाठीवर थाप मारली, दात पाहायची सोय नसल्याबद्दल नाराजी नोंदवली आणि "गरीब शे" असा अभिप्राय दिला.

एकच बाब खटकली. बेडवर, म्हणजे ज्या गुळगुळीत लोखंडी पट्ट्यांवरून सगळी अचूकता सरकते तिथे, अगदी टोकाला तीन खड्डे होते. बाकी बेड आरशासारखा. नवलच्या मते जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, पडला असावा, कामगार चिडला असावा किंवा ओतकामातच दोष असावा.

"मी घेतला तेव्हा दोनच होते," मालक म्हणाला. तिसरा कधी पडला ते त्याला सांगता येईना.

टोकाची जागा टाळून काम होईल, असं समितीचं एकमत झालं.

वाहतूक गोधड्यांत गुंडाळून करण्यात आली. (लेथची. समिती उघड्यावरच बसली.) एरंडोलच्या गतिरोधकावर टेम्पो इतका जपून चढला, की मागच्या ट्रकवाल्याने उतरून, "कोणी वारलं का?" अशी चौकशी केली.

साक्रीत लेथ चेन कप्पीने उतरवला, लेव्हल लावून बसवला. रुपचंदची बायको ज्योती हळद-कुंकू, हार आणि नारळ घेऊन आली. नारळ खाली फोडायचा, तर यंत्राभोवतीचा कोबा ओला. नवा कोबा खराब करणं कोणालाच पटेना. आबांनी नारळ बेडवर ठेवला आणि हातोडा मागितला.

"आबा, तठे नको," रुपचंद म्हणाला.

"लोखंड शे रे. काय होस त्याले?"

आबा अविचारी नव्हेत. खड्डे पडलेली जागा पूजेला बरी नव्हे म्हणून त्यांनी ती टाळली आणि मधोमध, सगळ्यात गुळगुळीत जागा निवडली. पहिल्या घावाला नारळ सटकला. हातोडा सटकला नाही.

नवलने आधी मधला खड्डा पाहिला, मग टोकाचे तीन पाहिले, आणि डायल गुपचूप डबीत ठेवलं. खड्ड्यांमागचं कारण तांत्रिक नव्हतं. दर मालकामागे एक, असा हिशेब होता.

वाचकांस हसू येत असल्यास त्यांनी घरच्या टीव्हीवरचं, आणल्या दिवशीचं कुंकवाचं स्वस्तिक आठवावं, ज्याच्या आडून ते आजही क्रिकेटचा स्कोअर वाचतात.

नमुन्याचा शाफ्ट मध्ये फुगला. पंपवाल्याने दुसरा बघितला.

नारळ गोड निघाला.